यानाचे दिवे लुकलुकतात, पण खरे वाटत नाहीत: ५५५, ४०१७ की मायक्रोकंट्रोलर?

अंतराळ_सुतार

मंडळी, इथे साय-फाय मॉडेलवाले किती आहेत कल्पना नाही, पण सर्किटवाले भरपूर आहेत, म्हणून धागा इथेच काढतो.

१/३५० स्केलचं एक मालवाहू यान बनवतोय. किट नाही, स्टायरिन प्लास्टिकच्या शीटमधून स्वतः कापून जोडलेलं. लांबी साधारण ६० सेंमी. वरचा आणि खालचा भाग अजून चिकटवलेला नाही, त्यामुळे आत हात जातोय तोवर दिव्यांचं उरकायचं आहे. यादी अशी: डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा, दोन्ही कायम पेटलेले. पाठीवर आणि पोटाखाली पांढरे स्ट्रोब. मागे चार इंजिनं, हळूहळू उजळणारी आणि मंदावणारी. गोदीच्या दारापाशी कंट्रोल पॅनेलचे बारीक दिवे.

स्ट्रोबसाठी ५५५ या टायमर चिपचं नेहमीचं सर्किट ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडायच्या पाटीवर) लावलं. वरचा रेझिस्टर १० के (किलोओहम), खालचा ४७ के, कपॅसिटर १० मायक्रोफॅरड, ९ व्होल्ट. चालतंय, पाऊण सेकंदाला एकदा. पण दिसायला थेट गाडीचा इंडिकेटर! कपॅसिटर बदलून वेग वाढवला तर घाईतला इंडिकेटर, कमी केला तर आळशी इंडिकेटर. नक्की काय चुकतंय?

पिन_नंबर_पाच

चुकत काहीच नाहीये, सर्किट सांगितलेलं काम करतंय. तुम्ही वेग बदलताय आणि बदलायला हवं आहे ते पेटलेल्या-विझलेल्या वेळेचं प्रमाण.

५५५मध्ये आउटपुट वर असण्याचा वेळ = ०.६९३ × (वरचा + खालचा रेझिस्टर) × कपॅसिटर. खाली असण्याचा वेळ = ०.६९३ × फक्त खालचा × कपॅसिटर. तुमचे आकडे घालून बघा: वर ०.४० सेकंद, खाली ०.३३. म्हणजे निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद. स्ट्रोब असा नसतो. तो क्षणभर चमकतो आणि मग बराच वेळ अंधार.

सूत्र नीट पाहिलंत तर लक्षात येईल की साध्या जोडणीत 'वर'चा वेळ 'खाली'पेक्षा कधीच लहान होत नाही. लोक त्यासाठी खालच्या रेझिस्टरला समांतर डायोड लावतात. तेही चालतं, पण त्याहून सोपं म्हणजे एलईडी उलट्या बाजूने जोडा. पुरवठ्याच्या अधिक टोकापासून रेझिस्टर, मग एलईडी, आणि एलईडीचा ऋण पाय पिन ३ला. आता आउटपुट खाली गेलं की एलईडी पेटतो, आणि तो वेळ तर हवा तितका लहान करता येतो.

वरचा १ मेग, खालचा १०० के, कपॅसिटर १ मायक्रोफॅरड. पेटलेला ०.०७ सेकंद, विझलेला ०.७६. मिनिटाला ७२ चमका. कपॅसिटर फिल्मचा घ्या. इतक्या मोठ्या रेझिस्टरबरोबर जुना इलेक्ट्रोलिटिक लावला तर त्याची गळतीच वेळ बिघडवते.

बिटबिट

हे सगळं करण्यापेक्षा एक एटीटायनी८५ घ्या. आठ पायांचा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे प्रोग्राम करता येणारी चिप, पाच पिना वापरायला मिळतात. स्ट्रोब, इंजिन, पॅनेल, सगळं एकातच, आणि वेळा बदलायच्या तर सोल्डरिंग गन हातात घ्यायला नको.

पिन_नंबर_पाच

आला! वाटच बघत होतो.

जुना_रेडिओ

मिनिटाला ७२ हा आकडा चांगला निवडलात. प्रवासी विमानांच्या प्रमाणन नियमांत टक्करविरोधी दिव्यांसाठी मिनिटाला ४० ते १०० चमका अशी मर्यादा आहे. काल्पनिक यानाला नियम लागू नाहीत, मान्य. पण पाहणाऱ्याच्या डोळ्याला विमानांची सवय झालेली असते, त्यामुळे त्या मर्यादेत राहिलेला दिवा 'मोठ्या वाहनाचा' वाटतो. मिनिटाला दोनशे चमका मारल्या की यानाचं खेळणं होतं.

दुसरं. चमक आखूड केली की ती डोळ्याला मंद वाटणार, तेव्हा दचकू नका. ब्लोंडेल आणि रे या दोघांनी १९११ साली यासाठी सूत्र दिलं: परिणामी तीव्रता = खरी तीव्रता × वेळ ÷ (०.२ + वेळ), वेळ सेकंदांत. मूळ सूत्र जेमतेम दिसणाऱ्या दूरच्या दिव्यांसाठी आहे, पण अंदाजाला पुरतं. ०.०७ सेकंद घातलेत तर येतं साधारण ०.२६. म्हणजे सतत पेटलेल्या दिव्याच्या पाव हिश्शाएवढा परिणाम. म्हणून लाल-हिरव्या दिव्यांना १ मिलिअँपियर देत असाल तर स्ट्रोबला खुशाल १० द्या. ९ व्होल्टवर पांढऱ्या एलईडीला ५६० ओहम.

अवांतर: ५५५ची रचना हान्स कॅमेनझिंड यांनी १९७१मध्ये केली आणि सिग्नेटिक्सने ती १९७२मध्ये बाजारात आणली. एलईडी लुकलुकवण्यासाठीच काढलेली एलएम३९०९ नावाची चिपही होती, दीड व्होल्टच्या एका सेलवर चालायची. ती कधीच बंद झाली. ५५५ अजून आहेच.

रंगारीण

इंडिकेटर वाटण्यामागे अजून एक कारण असणार. सुतारदादा, एलईडी कुठल्या आकाराचा लावलाय? ३ मिमीचा असेल तर १/३५०मध्ये तो एक मीटरहून जास्त व्यासाचा दिवा झाला. जहाजाच्या पाठीवर एक मीटरचा गोळा कशाला असेल?

एलईडी आत ठेवा आणि बाहेर फक्त फायबर (प्रकाश वाहून नेणारा प्लास्टिकचा बारीक धागा) काढा. ०.२५ मिमीचा फायबर म्हणजे या स्केलला जेमतेम ९ सेंमी, तो पॅनेलला आणि खिडक्यांना. स्ट्रोबला ०.५ किंवा ०.७५. फायबरचं टोक तापलेल्या सोल्डरिंग गनच्या नुसतं जवळ नेलं, न टेकवता, की ते फुगून छोटं भिंग होतं. मग प्रकाश बाजूलाही पसरतो. नाहीतर फायबर समोरून झगझगीत आणि कडेने बघितलं तर विझलेला.

सुपरग्लू लावू नका. फायबर ठिसूळ होतो आणि आसपासचे पारदर्शक भाग धुरकटतात. पांढरा फेव्हिकॉलछाप गोंद किंवा इपॉक्सी. फायबरची जुडी एलईडीला जोडताना हीट-श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) तापवूही नका, फायबर वितळतो. काळी नळी घ्या आणि नुसती ओढून बसवा.

वाचनमात्र

वाखुसा (वाचनखूण साठवली). माहितीपूर्ण धागा. 'सुतारदादा' फारच आवडलं.

अंतराळ_सुतार

पिन_नंबर_पाच, एलईडी उलटा जोडला आणि फरक आत्ता डोळ्यांनी पाहिला. तेच सर्किट, पण वेगळाच दिवा. रंगारीणताई, ओळखलंत बरोबर, ३ मिमीचाच होता. आता आत आणि फायबरवर.

बिटबिट, प्रोग्रामिंगची भीती नाही, पण यान एकदा चिकटवलं की उघडणार नाही. आत चिप अडकली आणि काही बिघडलं तर?

बिटबिट

आत ठेवायचीच नाही. स्टँडच्या बैठकीत ठेवायची आणि वर फक्त तारा न्यायच्या.

रंगारीण

हे शंभर टक्के. चिप ५५५ असो की दुसरी, बैठकीतच. आणि रेझिस्टरसुद्धा बैठकीतच ठेवा, हे बहुतेक जण करत नाहीत. यान रंगवून झालं की लाल दिवा भडक वाटतो, हिरवा मंद वाटतो, आणि रेझिस्टर पोटात असेल तर बसा बघत. एलईडी आणि फायबर एवढंच आत. प्रत्येक दिव्याची स्वतंत्र तार खाली आणा, अधिकची तार सगळ्यांची एकच. ०.२ मिमीची एनॅमल वायर असेल तर डझनभर तारा पितळी नळीच्या स्टँडमधून सहज उतरतात. प्रत्येक तारेच्या टोकाला चिठ्ठी लावा. लावाच.

पिन_नंबर_पाच

+१ रेझिस्टर खाली ठेवण्याला. वर अधिक सामाईक असेल तर माझं उलट्या एलईडीचं सर्किट त्यात आपोआप बसतं, आणि खाली ट्रान्झिस्टरने ऋण बाजू तोडणंही सोपं जातं.

बिटबिट यांच्याशी वाद घालायचा मोह आवरून एवढंच म्हणतो: दोन-तीन परिणाम हवे असतील तर ५५५. वेळा रेझिस्टर बदलून ठरतात आणि काय चाललंय ते मीटरवर दिसतं. सातआठ परिणाम एकमेकांशी जुळवून हवे असतील तर मायक्रोकंट्रोलर, तिथे ५५५चा हट्ट धरणं म्हणजे हौस.

बिटबिट

एवढं मान्य केलंत, भरून पावलो. बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

जुना_रेडिओ

मधला रस्ता विसरताय. ४०१७ ही मोजणी करणारी चिप घ्या. विमानांसारखी दुहेरी चमक, म्हणजे टक-टक आणि मग अंधार, एकट्या ५५५ने जमत नाही. ५५५ला दर सेकंदाला दहाच्या वेगाने चालवा (१० के, ६८ के, १ मायक्रोफॅरड) आणि त्याचं आउटपुट ४०१७च्या पिन १४ला द्या. पिन १३ आणि १५ ऋणला. आता चिपची दहा आउटपुटं एकामागून एक वर जातात, एका सेकंदात एक फेरी.

शून्यावं आउटपुट पिन ३वर आहे आणि दुसरं पिन ४वर. दोन्हींतून एकेक १एन४१४८ डायोड काढून पुढे एकत्र करा, तिथून १० के, मग बीसी५४७ ट्रान्झिस्टरचा बेस. ट्रान्झिस्टरने स्ट्रोबचे एलईडी ओढायचे. चमक, खंड, चमक, मग सात घरं अंधार. पोटाखाली लाल बीकन लावायचा असेल तर तो पाचव्या आउटपुटवर, पिन १वर, दुसऱ्या ट्रान्झिस्टरने. स्ट्रोब आणि बीकन कधीही एकत्र पेटणार नाहीत, आणि दोघांचा ताल कायम एकमेकांना धरून राहील. दोन सुटी ५५५ लावली तर ती सरकत राहतात, कधी एकत्र येतात, कधी दूर जातात.

अंतराळ_सुतार

दुहेरी चमक पक्की! आता इंजिन. हळूहळू उजळणं-मंदावणं ५५५ने होईल का?

पिन_नंबर_पाच

होईल, आणि आउटपुट पिन लागणारच नाही. टायमिंगच्या कपॅसिटरवरचा दाब (व्होल्टेज) सतत पुरवठ्याच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश असा वरखाली होत असतो. ९ व्होल्टवर म्हणजे ३ ते ६. तिथे बीसी५४७चा बेस लावा, कलेक्टर अधिकला, आणि एमिटरमधून ४७० ओहम व एलईडी ऋणला. एमिटरला मिळतात साधारण २.३ ते ५.३ व्होल्ट. पांढरा किंवा निळा एलईडी पूर्ण विझून पुन्हा उजळतो. लाल एलईडीला कमी व्होल्ट पुरतात, म्हणून तो तळालाही किंचित पेटलेला राहतो. इंजिनाला मला तो लालच जास्त आवडतो, गरम राखेचा भास होतो.

एक मेख आहे. इथे मेगओहमचे रेझिस्टर चालणार नाहीत. बेसला जाणारा करंट कपॅसिटर भरणाऱ्या करंटमधूनच चोरला जातो, आणि रेझिस्टर मोठा असला तर दाब ६ व्होल्टपर्यंत पोचतच नाही, मग सर्किट थबकतं. वरचा २.२ के, खालचा २२ के, कपॅसिटर ४७ मायक्रोफॅरड, दीड सेकंदाचं आवर्तन. संथ हवं तर कपॅसिटर वाढवा, रेझिस्टर नको. आणि हे स्ट्रोबच्या उलट झालं: इथे एलईडीचं ऋण टोक सामाईक आहे. त्यामुळे इंजिनांना ऋणची वेगळी तार वर न्यावी लागेल.

बिटबिट

मायक्रोकंट्रोलरने करणाऱ्यांसाठी: पीडब्ल्यूएमचा (दिवा झपाझप चालू-बंद करून उजेड कमीजास्त करण्याचा) आकडा ० ते २५५ सरळ चढवलात तर दिवा सुरुवातीला झटकन उजळतो आणि नंतर बराच वेळ तसाच वाटतो. डोळा सरळ रेषेत मोजत नाही. आकड्याचा वर्ग करून २५५ने भागा आणि तो पाठवा, चढण गुळगुळीत दिसते. व्हिडिओ काढणार असाल तर पीडब्ल्यूएमचा वेग वाढवा, काहीशे हर्ट्झवर कॅमेऱ्यात पट्टे येतात. पिन_नंबर_पाच यांच्या सर्किटला हा त्रास नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

शून्यवजन

पॅनेलच्या दिव्यांसाठी माझा उपाय: सीडी४०१०६. एका चिपमध्ये सहा श्मिट इन्व्हर्टर, म्हणजे इनपुट वर गेलं की आउटपुट खाली नेणारी सर्किटं. प्रत्येकाला एक रेझिस्टर आउटपुटपासून इनपुटला आणि एक कपॅसिटर इनपुटपासून ऋणला लावला की सहा स्वतंत्र लुकलुकणारी सर्किटं तयार. आवर्तन साधारण रेझिस्टर गुणिले कपॅसिटर इतकं, चिपागणिक थोडं पुढेमागे. कपॅसिटर सगळीकडे १ मायक्रोफॅरड ठेवून रेझिस्टर १ मेग, ८२० के, ६८० के असे विस्कळीत घ्या.

खरी गंमत पुढे आहे. एलईडी ऋणला न जोडता दोन आउटपुटांच्या मध्ये जोडा, २.२ के रेझिस्टरसकट. एक वर आणि दुसरं खाली असेल तेव्हाच तो पेटतो. दोन वेगवेगळे ताल एकमेकांत गुंतल्यामुळे पॅटर्न लवकर ओळखू येत नाही. संगणकाने काहीतरी काम करावं तसं दिसतं.

पिन_नंबर_पाच

कल्पना झकास, पण ९ व्होल्टवर सांभाळून. आउटपुटं उलटी झाली की त्याच एलईडीवर ९ व्होल्ट उलटे पडतात, आणि बहुतेक एलईडींची उलटी मर्यादा ५ व्होल्ट असते. त्याला समांतर, उलट दिशेने दुसरा एलईडी जोडा. एक पेटतो तेव्हा दुसऱ्याला संरक्षण, आणि पिवळा-निळा अशी जोडीही मिळते. एकच दिवा हवा असेल तर तिथे १एन४१४८ लावा.

चिपची न वापरलेली इनपुटं मोकळी सोडू नका, ऋणला बांधा. या चिपकडून एकदोन मिलिअँपियरपेक्षा जास्त अपेक्षाही नको. फायबरमागच्या दिव्याला तेवढे पुरतात.

शून्यवजन

उलट्या व्होल्टचा मुद्दा बरोबर. मी ५ व्होल्टवर वापरतो म्हणून तो कधी आडवा आला नाही.

रंगारीण

पॅनेलचे सगळे दिवे लुकलुकवू नका मात्र. दहातले सात स्थिर ठेवा. सगळंच हललं की नजर पॅनेलवर अडकते आणि यान राहतं बाजूला.

जुना_रेडिओ

फिरत्या प्रकाशाची मजा कुणी काढली नाही म्हणून सांगतो. स्टार ट्रेकच्या १९६०च्या दशकातल्या मालिकेतलं ११ फुटी एंटरप्राइझ आता स्मिथसोनियनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात आहे. त्याच्या इंजिनांच्या पुढच्या घुमटांत लुकलुकणारे रंगीत बल्ब, आरशाचे तुकडे आणि पुढे मोटरवर फिरणारी पाती होती. पडद्यावर दिसणारा तो घुसळणारा प्रकाश यांत्रिक होता. आता ४०१७वर सहाआठ एलईडी गोलात लावून फिरवतात, पण ४०१७ एक विझवून दुसरा पेटवते, म्हणून उडी दिसते. प्रत्येक आउटपुटावर डायोड, त्यामागे १० मायक्रोफॅरड आणि मग ट्रान्झिस्टर लावला की दिवा शेपटी सोडत विझतो आणि फिरणं सलग वाटतं.

अंतराळ_सुतार

सगळं ब्रेडबोर्डवर एकत्र केलं. दुहेरी स्ट्रोब भारी. पण एक विचित्र प्रकार: स्ट्रोब चमकला की इंजिनंही किंचित दचकतात. पुरवठा ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचा.

पिन_नंबर_पाच

स्ट्रोबने एकदम करंट ओढला की बॅटरीचे व्होल्ट क्षणभर खाली बसतात. इंजिनाच्या ५५५च्या दोन्ही सीमा पुरवठ्याच्या प्रमाणातच ठरतात, त्यामुळे त्याही हलतात. शिवाय साधं ५५५ आउटपुट बदलताना स्वतःच पुरवठ्यातून करंटचा झटका घेतं.

प्रत्येक चिपच्या पायांना चिकटून ०.१ मायक्रोफॅरड सिरॅमिक, बोर्डावर पुरवठा येतो तिथे २२० मायक्रोफॅरड, आणि प्रत्येक ५५५च्या पिन ५पासून ऋणला १० नॅनोफॅरड. (आयडीची शपथ, ही पिन मोकळी सोडू नये.) तरीही दचकली तर इंजिनाच्या सर्किटला अधिकमध्ये ४७ ओहम आणि त्यापुढे स्वतंत्र १०० मायक्रोफॅरड.

रंगारीण

आणि चिकटवण्याआधी अंधाऱ्या खोलीत सगळे दिवे लावून यान चहूबाजूंनी बघा. स्टायरिनमधून प्रकाश झिरपतो, पूर्ण भिंत लालसर दिसायला लागते. आतून आधी काळा रंग, त्यावर पांढरा किंवा चंदेरी. काळा प्रकाश अडवतो, वरचा थर तो परत आत फेकतो. सांध्यांवर आतून काळी पुट्टी. बाहेरून रंग झाल्यावर झिरपणं सापडलं तर फार मनस्ताप होतो.

अंतराळ_सुतार

२२० मायक्रोफॅरडनेच इंजिनं शांत झाली. काळा थर आज मारतोय. शेवटचा प्रश्न, पुरवठ्याचा. प्रदर्शनात दिवसभर चालायला हवं. मोबाइलची पॉवरबँक लावू का?

शून्यवजन

बऱ्याच पॉवरबँका करंट फार कमी असला की फोन भरला असं समजून आपोआप बंद होतात. तुमचं सगळं मिळून ४०-५० मिलिअँपियर असेल, तेवढ्यावर बंद पडण्याची शक्यता दाट. ५ व्होल्टवर ५५५चं आउटपुट वर असतानाही पुरवठ्यापेक्षा दीडएक व्होल्ट कमी देतं, आणि इंजिनाचं सर्किट तर पांढऱ्या एलईडीला पुरणारच नाही. ९ व्होल्टचा अडॅप्टर घ्या. चौकोनी अल्कलाइन बॅटरीत ५००च्या आसपास मिलिअँपियर-तास असतात, म्हणजे दहाएक तास, तेही शेवटी मंदावत.

पिन_नंबर_पाच

अडॅप्टर घ्या, पण मीटर लावून आधी बघा, आतली पिन अधिक आहे की ऋण ते. काहींचं उलटं असतं. बैठकीत सॉकेटनंतर लगेच एक १एन४००७ डायोड सिरीजमध्ये टाका. पाऊण व्होल्ट जाईल, ते कुठल्याही दिव्याला जाणवणार नाहीत, पण प्रदर्शनात कुणी उलट्या पिनेचा अडॅप्टर खुपसला तरी आतल्या चिपा शाबूत राहतील.

अंतराळ_सुतार

टाकतो. तारांना चिठ्ठ्याही लावल्यात, ताई.